स्पीड पोस्टने पाठवलेली साडी पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसतंय, पण ग्राहक ‘मिळालीच नाही’ म्हणतात. पैसे परत द्यावेत का?

लगेच देऊ नका, पण त्यांना खोटंही ठरवू नका. आधी पोस्टाकडे तक्रार नोंदवून साडी नेमकी कुणाच्या हातात दिली ते लेखी मागा. घरून साड्या विकताना माझा अनुभव असा की ‘मिळालं नाही’ म्हणणारे बहुतेक जण खरंच बोलत असतात. पार्सल वॉचमनकडे, शेजारी किंवा दुकानात पडलेलं असतं. म्हणून तक्रार करतानाच ग्राहकांना तेवढं विचारून बघायला सांगा, आणि हे बोलणं फोनवर न करता व्हॉट्सॲपवर लिहून करा. बुकिंगची पावती, त्यावरचं वजन आणि १३ अक्षर-अंकी ट्रॅकिंग नंबर जपून ठेवा.

कायद्याची बाजू: वस्तू विक्री अधिनियम, १९३०च्या कलम ३९ प्रमाणे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की प्रथमदर्शनी तो ग्राहकाला दिल्यासारखाच धरतात. मात्र पत्ता किंवा पिनकोड तुमच्याकडून चुकला असेल, तर पैसे तुम्हीच द्यायला हवेत, तिथे वाद घालू नका.

पुढच्या वेळी महागडी साडी असेल तर बुकिंग करतानाच ओटीपी डिलिव्हरी मागा. ऑक्टोबर २०२५पासून स्पीड पोस्टवर ही सोय ५ रुपये अधिक जीएसटी भरून मिळते. त्यात ओटीपी जुळल्याशिवाय पार्सल हातात देत नाहीत, त्यामुळे ग्राहकांचा मोबाइल नंबर अचूक लिहा.