कॅटलॉग आडवा वाच

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

नववी 'ब'चा वर्ग तुझ्याकडे आला, पट 48 आणि रोज बाकावर जेमतेम तीस मुलं, हे फोनवर सांगताना तुझा आवाज भरून आला होता. तू विचारलंस, "बाई, यांना शाळेची शिस्त कशी लावू?" त्या दिवशी फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी कॅटलॉग, म्हणजे हजेरीचं पुस्तक, घे आणि आडवा वाच. हजेरी आपण उभी भरतो. आजची तारीख, वरून खाली नावं, तळाशी बेरीज, आणि ती बेरीज ऑफिसच्या फळ्यावर. त्या बेरजेत मूल कुठेच दिसत नाही. एकेका नावावर बोट ठेव आणि महिनाभराच्या रकान्यांवरून सरकव. माझ्या वर्गातला एक मुलगा दर गुरुवारी नसायचा. मी त्याला दांड्या मारणारा समजून वर्षभर बोलत राहिले. गुरुवार हा गावचा बाजाराचा दिवस. त्याची आई भाजी घेऊन बसायची आणि टेम्पोतून पोती उतरवायला दुसरं कुणी नव्हतं. ओळ दिसल्यावर मी त्याच्या आईला बाजारातच जाऊन भेटले. पोती उतरवून त्यानं दुसऱ्या तासाला वर्गात यायचं असं ठरलं. गुरुवारचा पहिला तास माझाच होता, तेवढं मी शनिवारी सुटल्यावर भरून काढायचे. एवढ्यानं काम झालं. वर्षभराच्या बोलण्यानं मात्र काही झालं नव्हतं.

मुलींच्या ओळी तर नक्की बघ. दर महिन्याला सलग तीन-चार दिवस खाडा दिसला तर मुलीला काही विचारू नकोस, सरळ स्वच्छतागृहात जाऊन ये. आमच्याकडे दाराला आतून कडीच नव्हती. बाहेरून मैत्रिणीनं दार धरून उभं राहायचं. सुतारानं अर्ध्या तासात कडी बसवली, रोज सकाळी पिंप भरून ठेवायचं काम शाळेच्या मामांनी आपणहून घेतलं, आणि बहुतेक मुलींचे ते खाडे थांबले. ती कडी तुटून किती दिवस झाले होते, हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त खंत वाटते ती याची.

नववीतच मुलं का गळतात, याचा विचार कर. आठवीपर्यंत दुपारची खिचडी असते, पुस्तकं फुकट मिळतात, शिक्षण हक्क कायद्याचं छत्रही चौदा वर्षांपर्यंतचंच. नववीच्या जूनमध्ये ते सगळं एकदम सुटतं. त्याच वेळी अंगात ताकद आलेली असते, म्हणजे घरच्यांना कामाला माणूस मिळालेला असतो. मूल बिघडलं असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या दुपारच्या डब्यात काय आहे, ते बघितलेलं नसतं. तू बघ. डबा न आणणारी मुलं मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी रेंगाळतात.

आता उशिरा येणाऱ्यांबद्दल. या वयात झोपच मुळी उशिरा लागते. शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि झोप तर आठ ते दहा तास हवी असते. 2024मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण पहाटे डोळा उघडायला खरा त्रास होतो तो तेरा-चौदा वर्षांच्यांना आणि त्यांची शाळा सकाळी सातलाच भरते. वेळ बदलणं तुझ्या हातात नाही. दारात उभं न करणं आहे. मी एका मुलाला उशीर झाला म्हणून सलग तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्या दिवसापासून तो आलाच नाही. धारा काढून, डेअरीला दूध घालून वस्तीवरून चालत यायचा, हे मला त्याचा दाखला काढून नेताना त्याच्या चुलत्याकडून कळलं. उशिरा आलेल्याला आत घे, जागेवर बसू दे, नंतर एकट्याला विचार.

सकाळची शाळा आदल्या रात्री सुरू होते, हे मुलांशी मोकळेपणानं बोल. दप्तर भरून दाराशी ठेवलेलं, गणवेश दोरीवरून काढून घडी केलेला, मोबाईल झोपायच्या जागेपासून लांब, देवळीत किंवा आजीच्या उशाशी. मोबाईल बंद कर म्हटलं तर कुणी ऐकत नाही. जागा ठरवून दिली की बरीच ऐकतात. आणि एका वस्तीवरच्या दोघा-तिघांची जोडी लावून दे, एकमेकांना हाक मारत येतील. माझ्या हजार सूचनांपेक्षा दारातून आलेली "ए, चल की!" ही हाक जास्त कामाची.

एसटीच्या पासचं जूनमध्येच बघ. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. मुलांना सवलतीत मिळतो, पण थोडे पैसे भरावे लागतात, आणि त्या पैशांवाचून पास संपतो तिथून पुढचा खाडा सुरू होतो. शाळेचा सही-शिक्का वेळेत मिळतोय ना, एवढं तू सांभाळ.

आपल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली खरी परीक्षा दिवाळीनंतर. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ट्रक भरतात आणि आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मूल एकदा उसाच्या फडावर गेलं की उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततं. तोवर वर्ग कुठल्याकुठे गेलेला असतो, आणि पुढच्या वर्षी दहावीला 75 टक्के हजेरी आठवते. म्हणून दसऱ्याच्या आधी घरोघर जा. प्रश्न एकच विचार: "लेकरू कुणापाशी ठेवणार?" आजीपाशी ठेवणार असतील तर त्या आजीला भेट, तिचा किंवा शेजारच्यांचा नंबर घे. मागे राहिलेली मुलगी स्वयंपाक, लहान भावंडं आणि शाळा एकटीनं ओढत असते. तिच्या गृहपाठाची वही रिकामी असली तर वर्गासमोर उभी करू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

दोन दिवसांचा खाडा पडला की तिसऱ्या दिवशी निरोप गेलाच पाहिजे. आठवडा गेला की मुलाला लाज वाटायला लागते. अभ्यास बुडाला, बाई विचारतील, पोरं हसतील. परत आलं की "कुठे उलथला होतास" असं म्हणू नकोस. त्याचा बाक मोकळा ठेव, बुडलेलं लिहून घ्यायला एक नीट वही दे आणि फळ्याकडे वळ.

दिवाळीच्या सुट्टीत ये. कॅटलॉग शाळेबाहेर आणायचा नसतो, पण जूनपासूनचे खाडे नाववार, वारासकट वहीत उतरवून आण. भाकरी खाऊ आणि ओट्यावर बसून एकेक ओळ बघू.

तुझी,
बाई