सेझान शिकताय? आधी तीन सफरचंदं

शिकायला फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (1839–1906) निवडलात, उत्तम! पण त्यांच्या आवडत्या, दक्षिण फ्रान्समधल्या सेंत-व्हिक्त्वार डोंगराला लगेच हात घालू नका. त्यांनी स्वतः तो वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा रंगवला. टेबल, पांढरं कापड आणि तीन सफरचंदं पुरेत. कापड इस्त्रीचं नको, चुरगळलेलं हवं. फळ हवं तसं कलत नसेल तर खाली नाणं सरकवा; सेझानही तेच करत. बोर्ड 10 x 12 इंच, ब्रश 8 नंबरचा चपटा.

नवशिके बहुतेक इथे चुकतात:

- सावलीत काळा, उजेडात पांढरा मिसळतात. रंग मळतो नाहीतर खडूसारखा फिका पडतो. उजेडाकडून पिवळा, नारिंगी, लाल, मग जांभळट निळा असे जा. गोलाई त्या बदलातूनच येते.
- फटकारे घासून एकजीव करतात. तिरके, समांतर, शेजारी-शेजारी ठेवा आणि सोडून द्या. हीच चूक सगळ्यात महाग पडते, कारण घासलं की सेझान गेलाच.
- फळाभोवती अखंड काळी रेघ ओढतात. निळसर, तुटक रेघ पुरते.

शिकागोच्या संग्रहालयातलं सेझान यांचं ‘सफरचंदांची टोपली’ हे चित्र बघा: बाटली कललेली, टेबलाची पुढची कड कापडाच्या दोन्ही बाजूंना जुळत नाही. सध्या फक्त बघा, मुद्दाम वाकडं काढू नका.

चरित्रातलं एवढंच आत्ता कामाचं: 1870 च्या दशकात पॅरिसजवळच्या पोंत्वाझला इम्प्रेशनिस्ट चित्रकार पिसारोंबरोबर काम करताना त्यांचे रंग उजळले. क्यूबिझम (वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणारी, सेझानच्या प्रभावातून आलेली शैली) वगैरे नंतर.