डोस वाढवण्याआधी दुपारची साखर बघा

मधुमेही बोका नऊ वर्षांचा, वजन पाच किलो, ग्लार्जिन (हळूहळू काम करणारं इन्सुलिन) सकाळ-संध्याकाळ तीन-तीन युनिट, तरी साखर ३८० ते ४५० च्या खाली येत नाही आणि दवाखान्यातून 'उद्यापासून चार द्या' असा निरोप आलाय. तुमचं हे वाचून लिहायला बसलो. मी पशुवैद्य नाही आणि हे त्यांच्या सल्ल्याऐवजी वापरू नका. पण डॉक्टरांना फोन करून 'वाढवण्याआधी घरी एक कर्व्ह काढतो', म्हणजे दिवसभर दर दोन तासांनी साखर मोजतो, एवढं नक्की सांगा.

तुम्ही दिलेले आकडे एकतर इंजेक्शनच्या आधीचे आहेत, नाहीतर दवाखान्यात घेतलेले. या दोन्हींवरून डोस कमी पडतोय की जास्त होतोय हे कळत नाही. खरा आकडा मधला, तळाचा, म्हणजे दोन इंजेक्शनांमधला सगळ्यात कमी. ग्लार्जिनमध्ये तो साधारण सहाव्या तासाच्या आसपास येतो, एखाद्या मांजरात चौथ्या तासाला, एखाद्यात आठव्या-दहाव्यालाही. सकाळी सातला टोचत असाल तर सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच आणि संध्याकाळचं टोचायच्या आधी सात, असे सात आकडे लिहा.

समजा सकाळी ४१० आहे. दुपारी २९० आणि संध्याकाळी ४०० आलं, तर डोस खरंच कमी आहे. अर्धा युनिट वाढवायला हरकत नाही. दुपारी १२० आणि संध्याकाळी ३८० आलं, तर डोस पुरेसा आहे. बिघाड खाण्यात किंवा परिणाम लवकर संपण्यात आहे, वाढवून उपयोग नाही. आणि दुपारी ६४ आलं, तर त्याच ४१० च्या सकाळी डोस कमी करायचा असतो. साखर घसरली की शरीर ग्लुकागॉन, अ‍ॅड्रेनलिन सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि संध्याकाळचा आकडा पुन्हा चारशेवर जातो. ग्लार्जिनवर हे सर्रास घडतं असं नाही, पण घडतंय की नाही हे मधला आकडा घेतल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. तळ ८० ते १५० मध्ये बसवायचा, एवढंच उद्दिष्ट ठेवा.

आमच्या मांजराच्या वेळी सगळ्यात महाग पडलं ते हेच. दर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला दवाखान्यात एक आकडा घ्यायचा आणि अर्धा-एक युनिट वाढवायचा. पंधरा दिवसांत एकचे पाच झाले. घरी पहिल्यांदा दुपारी दोनला मोजलं तेव्हा ४१ होते. मांजराची साखर नुसत्या धास्तीने तीनशेच्या पलीकडे जाऊ शकते. रिक्षा, पिंजरा, शेजारी भुंकणारा कुत्रा एवढं पुरतं. त्यात ग्लार्जिनचा डोस बदलला की शरीर स्थिरावायला चार-पाच दिवस लागतात, कारण कातडीखाली त्याचे बारीक कण साकळतात आणि हळूहळू विरघळतात. आदल्या डोसांची शिल्लक पुढच्यात मिसळते. म्हणून पाच ते सात दिवसांच्या आत डोस वाढवू नये, आणि एका वेळी पाव किंवा अर्धा युनिटच. साखर खाली गेली तर कमी मात्र ताबडतोब करायचा. 'घरी मोजून उगाच गोंधळ घालू नका' असं आम्हाला सांगितलं गेलं. मला ते आजही पटत नाही. जो दवाखाना घरी मोजू देत नाही, त्यानं डोसही वाढवू नये.

कर्व्ह काढण्याआधी एक तपासणी आजच करा. सिरिंजची टोपी कुठल्या रंगाची आहे? आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन्ही मिळतात: लाल टोपी ४० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी, केशरी १०० साठी. ग्लार्जिन सहसा १०० चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये तीन खुणांपर्यंत ओढलं तर अंगात साडेसात युनिट जातात. उलट ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज असेल तर तीनच्या जागी १.२ युनिटच जातात आणि साखर हटता हटत नाही. गडबड निघाली तर आकडेमोड करून स्वतः डोस ठरवू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. सिरिंज घेताना ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणांची मागा. १ मिलीच्या सिरिंजवर अर्धा युनिट डोळ्याने पकडता येत नाही. ती डोळ्यांसमोर उभी धरा, सुई वर, काळ्या रबराची वरची कड खुणेला लावा. बुडबुडा राहिला तर तेवढं औषध कमी जातं.

मोजायला माणसांचं ग्लुकोमीटर चालतं, फक्त मांजराच्या रक्तात ते थोडं कमी दाखवतं. म्हणून ६५-७० च्या खालचा आकडा पुन्हा घ्या, पण तोवर खायलाही द्या. कानाची कड कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अर्धा मिनिट शेका, व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवा, कानामागे दुमडलेला कापूस धरा आणि कडेच्या शिरेच्या जरा बाहेर टोचा. व्हॅसलिनमुळे रक्त केसांत पसरत नाही, मोहरीएवढा थेंब गोल उभा राहतो. स्ट्रिप नुसती टेकवायची. नंतर दहा सेकंद दाबून धरा, नाहीतर कान काळानिळा पडतो. लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. चार दिवसांत बोका डबा उघडल्याच्या आवाजाला स्वतःहून येऊन बसेल.

खाण्याबद्दल तुम्ही 'रॉयल (कॅनिन) नाही, साधंच कोरडं खाणं' एवढंच लिहिलंय. पिशवीच्या मागचे आकडे बघा: शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. प्रथिनं ३२, चरबी १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख साधारण ८ धरली तर ३६ टक्के पिष्टमय उरतं. मधुमेही बोक्याला ते फार झालं. दूध-पोळी, दूधभात, मारी हे तर आजच बंद. ओल्या, कमी पिष्टाच्या खाण्यावर आणा, पण एका दिवसात नाही. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, तेव्हा त्या आठवड्यात रोज तळ मोजा आणि डोस आधीच कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. नुसतं उकडलेलं चिकन हे पूर्ण जेवण नाही, त्यात टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य पुरेसं राहत नाही.

बाटली फ्रीजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात, बर्फापासून लांब. लाइट जाते तेव्हा फ्रीज उघडू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. गढूळ दिसलं तर टाकून द्या.

एवढं सगळं नीट करूनही तळ तीनशेच्या वरच राहिला आणि डोस किलोमागे दीड युनिटच्या पुढे गेला, म्हणजे तुमच्या बोक्याला साडेसातच्या पुढे, तर आणखी वाढवण्याआधी कारण शोधायला सांगा. दात-हिरड्या, लघवीचं कल्चर, स्वादुपिंड, थायरॉइड. मागच्या काही महिन्यांत खाजेसाठी लांब मुदतीचं स्टेरॉइड टोचलंय का, हे जुन्या कागदांत शोधा. आणि आयजीएफ-१ ची रक्ततपासणी विचारा: ब्रिटनमध्ये बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांच्या पाहणीत जवळपास चारातल्या एकीत वाढीच्या हार्मोनचा आजार (अ‍ॅक्रोमेगाली) असल्याचा अंदाज निघाला होता. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी काढत नाही.

परदेशी तक्ते वाचताना तिथले २० (मिलिमोल) म्हणजे आपले ३६० (मिलिग्रॅम), अठराने गुणायचं. आणि एक, टोचताना औषध केसांवर सांडल्यासारखं वाटलं तर दुसऱ्यांदा टोचू नका, किती आत गेलं ते कळत नाही. पुढचा डोस वेळेवर द्या.

ग्लुकॉन-डी किंवा मध हाताशी ठेवा. लडखडला, एकदम भुकेने ओरडायला लागला, मान टाकली तर हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, आणि तसाच उचलून दवाखान्यात न्या. खाणं सोडलं आणि उलट्या सुरू झाल्या तर लघवीची किटोन पट्टी (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतंय का ते दाखवणारी) लावा. रंग बदलला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

सात आकडे आले की वेळेसकट लिहून टाका, सोबत सिरिंजच्या टोपीचा रंग आणि बाटलीवरचा युनिटचा आकडाही.