"मॅडम, तिथे तर सगळी वाया गेलेलीच पोरं येतात"

गोवंडीतल्या आमच्या युवा केंद्रात मुलाला पाठवा म्हटलं की बऱ्याच आईबापांच्या मनात एक शंका येते. एका आईने ती तोंडावर बोलून दाखवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "मॅडम, तुमच्याकडे सगळी वाया गेलेलीच पोरं येतात. त्यांच्यात बसून आमचा आणखी बिघडेल."

या ताई चेंबूरला चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा सोळा वर्षांचा, नववीतच शाळा सुटलेली, दिवसभर नाक्यावर. वडिलांचं म्हणणं, त्याला जालन्याला काकाकडे धाडून देऊ.

त्यांची शंका रास्त आहे, हे मी आधी सांगितलं. भरकटलेली मुलं नुसती एकत्र बसवली तर एकमेकांच्या फुशारक्या ऐकून ती जास्तच वाहवत जाऊ शकतात; अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अभ्यासातून हा धोका दाखवून दिला होता. नुसती खोली, टीव्ही आणि कॅरम बोर्ड देऊन चालवलेल्या केंद्रात मी माझा भाचाही पाठवणार नाही.

मग मी विचारलं, "ताई, हीच पोरं त्याला नाक्यावर भेटतात. तिथे मोठं माणूस कोण असतं?"

त्या जरा थांबून म्हणाल्या, "पानटपरीवाला."

मी त्यांना म्हटलं, माझ्या शब्दावर जाऊ नका, संध्याकाळी येऊन बसा. त्या आल्या. त्यांचा मुलगा चप्पल न काढता दाराशीच उभा होता. केंद्रातल्या दादांनी त्याला आत ये म्हटलं नाही, की उपदेश केला नाही. सोंगट्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "मोजून ठेव, रोज एखादी हरवते." नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. दुसऱ्या दिवसापासून डबा त्याच्याच ताब्यात. सोंगटी कमी भरली की तो मोठ्या पोरांनाही अडवायचा. ज्याला घरी, शाळेत, गल्लीत सगळे चोर समजतात, त्याच्यावर वस्तू सोपवणं हे माझ्या मते तासभराच्या समुपदेशनाहून मोठं काम आहे.

माझ्याशी तो बऱ्याच उशिरा बोलला. ताईंचा आग्रह होता, "तो काय सांगतो ते मला कळवा." मी नाही म्हटलं. त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तरच सांगेन, आणि हे त्यालाही ठाऊक आहे, असं स्पष्ट केलं. त्यांना राग आला. पण आईच्या कानावर जाईल या भीतीने मुलगा नशेबद्दल खरं बोलत नाही, आणि ते कळल्याशिवाय मदत करता येत नाही.

तुमच्या भागातलं केंद्र पाहायला जाल तेव्हा रंगरंगोटी बघू नका. संध्याकाळच्या गर्दीत जा. मोठी माणसं मुलांमध्ये बसलेली आहेत की ऑफिसात, हे बघा. शाळेत नियमित जाणारी मुलंही येतात का, मुली येतात का, हे विचारा. मुलगा चार दिवस आला नाही तर कुणी घरी येतं का, हेही विचारा. मुलगा नशेसाठी व्हाइटनर हुंगतोय किंवा 'बटन' नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेतोय अशी शंका असेल तर केंद्र पुरेसं नाही. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच.

जालन्याला पाठवण्याचा बेत सध्या मागे पडला आहे. वडील अजून नाराज आहेत, पण बोलणं सुरू आहे. मुलाने सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावीला बसणार आहे. गणिताची धास्ती आहे, म्हणून केंद्रात येणारी अकरावीची एक मुलगी त्याला अपूर्णांक शिकवते. नाक्यावर तो अजूनही जातो, आणि ते ताईंना मी लपवलेलं नाही.