चिलखती गाडीत कुठलीही मॉर्टर बसवून डागता येते का?

तुमचा प्रश्न असा, की चिलखती गाडी दहा-बारा टनांची असते, मग तिच्यात मोठी मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, बसवून डागायला हरकत काय? हरकत आहे, आणि ती नुसत्या वजनाने सुटत नाही.

जमिनीवरच्या मॉर्टरचा धक्का बेसप्लेटमधून, म्हणजे नळीखालच्या जाड पत्र्यातून, थेट मातीत जातो, म्हणून तिला धक्का शोषणारी अवजड यंत्रणा लागत नाही. गाडीत मातीचं काम गाडीच्या तळाला करावं लागतं. हिशोब करून पाहा. १२० मिमी व्यासाच्या नळीचा बॉम्ब साधारण १३ किलोचा, पूर्ण चार्जवर (बॉम्ब फेकणाऱ्या दारूच्या पुड्या सगळ्या लावून) वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास. हा वेग त्याला सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात मिळतो. सरासरी बल निघतं सुमारे ३,९०,००० न्यूटन, म्हणजे तळावर क्षणभर ४० टनांचा भार, आणि शिखर त्याच्याही वर. एम११३ या अमेरिकी चिलखती गाडीच्या जातीचं सगळं वजनच १२ टनांच्या आगेमागे. ८१ मिमीला हा आकडा चौथ्या हिश्श्यावर येतो. बीएमपी-२ या चिलखती गाडीवर आधारलेली भारतीय मॉर्टरगाडी ‘कॅरियर मॉर्टर ट्रॅक्ड’ ८१ मिमीचीच आहे.

१२० मिमीसाठी मग दोन वाटा उरतात: तळ मजबूत करायचा, किंवा नळीला मागे सरकू देऊन धक्का लांबवायचा. वेळ दहापट केली की बल दहाव्या हिश्श्यावर येतं. कार्डोम ही गाडीवर बसवायची इस्रायली मॉर्टर याच तत्त्वावर चालते. तरीही प्रत्येक फैरीनंतर गाडी सस्पेन्शनवर डोलते आणि नेम हलतो. नळी ४५ अंशांवर आली की खाली जितका दाब, तितकाच आडवा रेटा. त्यामुळे उतारावर किंवा तिरक्या उभ्या गाडीतून डागायला मर्यादा येतात. फांद्या, तारा, कॅमोफ्लाज जाळी नळीच्या वाटेत नकोच, कारण बॉम्ब त्यांना आपटला तर स्फोट गाडीजवळच व्हायची भीती.

पण माझ्या मते खरी मर्यादा लोखंडाची नाही, माणसाची आहे. उघड्या छताच्या गाडीत नळीचं तोंड मॉर्टर चालवणाऱ्या दलाच्या डोक्याच्या थोडंच वर असतं. स्फोटाची दाबलाट छताच्या झडपेतून आत शिरते आणि भिंतींवर आपटून परतते. कानाला संरक्षण नसेल तर १४० डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाजही धोक्याचा मानतात. मेंदूचं काय, हा प्रश्न मात्र फार उशिरा ऐरणीवर आला. अमेरिकी संरक्षण खात्याने २०२४ मध्ये दाबलाटेसाठी ४ पीएसआय (चौरस इंचाला ४ पौंड दाब), म्हणजे सुमारे २८ किलोपास्कल, ही सावधगिरीची पातळी लावली, आणि त्यात मॉर्टरही आल्या. एका फैरीने काही जाणवत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाची बेरीज घातक ठरू शकते.

दुसरा धोका तोंडातून भरण्याचा. आधीचा बॉम्ब न उडता नळीत अडकलाय आणि गडबडीत वरून दुसरा सोडला, तर दलातलं कुणी वाचेल याची खात्री नाही. १८ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत नेवाडातल्या हॉथॉर्न येथे सरावात ६० मिमीच्या मॉर्टरपाशी अमेरिकेच्या मरीन दलाचे सात सैनिक ठार झाले. चौकशीत कारण हेच निघालं. ती मॉर्टर जमिनीवर होती. गाडीत तर अडकलेला बॉम्ब काढायला नळी तिरकी करायचीही जागा अपुरी, आणि भोवती रचून ठेवलेले बॉम्ब. कमी पल्ल्यासाठी काढून ठेवलेले जादा चार्ज तळावर पडू दिले तर एक ठिणगी पुरते. ते लगेच बाहेर गेलेच पाहिजेत.

मागून भरायच्या, बंद बुरुजातल्या मॉर्टर, उदाहरणार्थ पोलंडची राक किंवा फिनलंडची नेमो, दुहेरी भरणा टाळतात आणि नळीचं तोंड माणसांपासून दूर नेतात. बदल्यात बुरुजाचं वजन आणि खर्च येतो, नळीतला धूर आत साचू नये म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. ज्यांच्याकडे अजून उघड्या छताच्याच गाड्या आहेत त्यांनी, गाडीने किती फैरी झाडल्या याच्या जोडीला, त्या प्रत्येक सैनिकाने किती सोसल्या याचीही नोंद ठेवायला हवी.