जांबुघोडा-वढवाणा आणि लहान मूल: क्रीमच्या आधी हे बघा

ताई, सप्टेंबरात ६ वर्षांच्या लेकाला घेऊन जांबुघोडा अभयारण्यात मुक्काम आणि बडोद्याला परतताना वढवाणा तलाव, असा तुमचा बेत. डासांपासून वाचायला मुलाला क्रीम कोणतं लावायचं, हे विचारलंत. मी म्हणेन, जमलं तर बेतच डिसेंबरवर ढकला. वढवाण्याला परदेशी पक्षी थंडीतच येतात, आणि पावसाळा सरताना डबक्या-डबक्यांत डासांची पैदास जोरात असते. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला ८-१० दिवस पुरतात.

जायचंच असेल तर एक ध्यानात ठेवा. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यूचा दिवसा, त्यातही सकाळी आणि मावळतीच्या आधी. म्हणून दिवसासुद्धा मुलाला हाफपँटवर फिरवू नका. सैल, फिके, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे हवेतच. घट्ट लेगिंग्जमधून डास सहज चावतो. क्रीम साधं ओडोमॉस चालेल, फक्त घाम आला की पुन्हा लावायचं. घोटे, मान, कानामागची जागा लोक हमखास विसरतात. मुलाच्या तळहाताला मात्र लावू नका, हात तोंडात जातो. सनस्क्रीन आधी, हे त्यावर.

मला खरी काळजी वाटते ती वालुमाशीची. ती डासाहून बारीक, नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही आत शिरते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातेत चांदिपुरा विषाणूची (वालुमाशीच्या चाव्यातून पसरतो, मेंदूला सूज आणतो) साथ आली, तेव्हा पंचमहाल जिल्ह्यातही रुग्ण होते, आणि जांबुघोडा त्याच जिल्ह्यात येतं. हा आजार मुख्यतः लहान मुलांनाच गाठतो. (नाव आपल्या नागपूरकडच्या गावाचं; १९६५ साली तिथे हा विषाणू पहिल्यांदा सापडला.) त्यामुळे मातीच्या भिंतींची, शेणाने सारवलेली 'गावठी' खोली कितीही छान दिसली तरी यंदा नको. प्लास्टर केलेली, पंखा असलेली खोली घ्या. वालुमाशीला वाऱ्यात धड उडता येत नाही, तेव्हा पंखा मोठा ठेवा. पलंग भिंतीपासून लांब, आणि मुलाला पूर्ण कपड्यांत झोपवा.

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. तोवर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको. तापाबरोबर उलट्या, गुंगी किंवा झटके दिसले तर सकाळची वाट बघू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.