पंधरा दिवस परदेशात जायचंय, एका केबिन बॅगेत भागेल का?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच चाललोय, पंधरा दिवस, तीन शहरं, आणि घरचे म्हणतायत मोठी बॅग घे, तर केबिन बॅगेच्या ७ किलोत खरंच भागतं का. भागतं, आरामात भागतं. फक्त ते ७ किलो बॅगेसकट असतात हे आधी डोक्यात घ्या, कारण बऱ्याच चाकांच्या ट्रॉली बॅगा रिकाम्याच अडीच-तीन किलो भरतात, मग उरलं काय? मी म्हणेन साधी पाठीवरची सॅक घ्या, ती किलो-सव्वा किलोत मिळते आणि जिने चढताना, दगडी रस्त्यांवरून चालताना चाकांची खडखड नको. पाठीचा त्रास असेल तर मात्र ट्रॉलीच, तिथे हट्ट नको. शिवाय सगळ्या एअरलाइन्सचा नियम एक नसतो, कोणी ७ किलो देतं, कोणी १०, कोणी वजनच करत नाही पण बॅग मापाच्या खोक्यात घालून बघतं, त्यामुळे मधल्या शहरांत स्वस्तातली फ्लाइट घेतली असेल तर त्यातला सगळ्यात कडक नियम कोणाचा ते बघा आणि त्या हिशोबाने भरा.

कपड्यांचा हिशोब दिवसांवर लावलात की संपलं. पंधरा दिवस असोत नाहीतर महिना, कपडे पाच दिवसांचेच न्यायचे आणि मधे धुवायचे. चार टीशर्ट किंवा टॉप, दोन पँट, आतले कपडे आणि मोजे पाच-पाच, बास. रात्री बेसिनमध्ये धुवून, मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून जोरात पिळले की बरंचसं पाणी टॉवेल घेतो आणि सिंथेटिक किंवा मेरिनो वूलचे असतील तर सकाळपर्यंत बहुतेक वेळा वाळतात. जाड कॉटन आणि जीन्स वाळत नाहीत, म्हणून जीन्स न्यायचीच असेल तर एकच, ती पण अंगात घालून. सगळ्यात जाड जॅकेट आणि जड बूट पण अंगावरच, बॅगेत नाही. थंडी असेल तर एकच भलंमोठं जाड काहीतरी नेण्यापेक्षा थर्मल, त्यावर फ्लीस आणि वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट असे थर केले की कमी-जास्त करता येतं. सगळ्या फोटोंत तोच निळा शर्ट दिसेल, दिसू दे.

खरी गर्दी कशाने होते माहितीये? 'लागलं तर' ने. लागलं तर छत्री, लागलं तर आणखी एक चप्पल, लागलं तर इस्त्री (हो, नेतात लोक!). प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचं की ही नसली आणि तिथे गरज पडली तर विकत मिळेल का. मिळणार असेल तर राहू द्या घरी. या चाळणीतून पासपोर्ट, दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेली दोन कार्डं, चष्मा असेल तर जास्तीचा चष्मा, फोन-चार्जर आणि औषधं एवढंच हमखास उरतं. पासपोर्टवरून आठवलं, बरेच देश तो किमान ६ महिने व्हॅलिड असावा म्हणतात, ते आजच बघून घ्या.

औषधांना हलक्यात घेऊ नका. मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत सुट्या गोळ्या ओतू नका, आणि डॉक्टरांची चिठ्ठी नुसत्या ब्रँडची नको, औषधाच्या मूळ नावासकट घ्या. आपल्याला साधी वाटणारी गोळी दुसरीकडे भलतीच कडक यादीत असू शकते, म्हणजे जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन जास्त असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत, यूएईमध्ये कोडीन किंवा ट्रामाडॉल (दोन्ही कडक वेदनाशामकं) असेल तर आधी परवानगी लागते. तुम्ही जाताय त्या देशाच्या सरकारी साइटवर नाव टाकून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

लिक्विडचा नियम बऱ्याच विमानतळांवर अजून १०० मिलीचाच आहे, आणि तो बाटलीच्या मापावर असतो, आत किती उरलंय त्यावर नाही. २०० मिलीची अर्धी ट्यूब गेली कचऱ्यात. टूथपेस्ट, जेल, क्रीम सगळं त्यातच धरतात आणि एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवायला लावतात. नवीन स्कॅनर आलेल्या काही ठिकाणी सूट आहे, पण येताना दुसऱ्या विमानतळावर नसेल तर काय करणार. त्यापेक्षा अंगाच्या साबणाच्या आणि शाम्पूच्या वड्या घ्या, कटकटच नाही.

पॉवर बँक केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालतच नाही, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंत. म्हणजे २०००० एमएएचची असेल तर ३.७ ने गुणून हजाराने भागा, ७४ येतात, चालते. एक गोष्ट बरेचजण विसरतात, विमान भरलं की गेटवर तुमची केबिन बॅग काढून खाली चेक-इन सामानात टाकायला सांगतात, तेव्हा पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट पटकन काढता यायला हवं. म्हणून हे सगळं एका छोट्या पाउचमध्ये अगदी वर ठेवा.

चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो, व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर नको. हेअर ड्रायरवर मात्र बरेचदा एकच व्होल्टेज असतं आणि जपानमध्ये १००, अमेरिकेत १२० व्होल्ट, तर तो घरीच बरा.

आणि बर्फात चालला असाल किंवा सोबत तान्हं बाळ असेल तर ७ किलोचा नाद सोडा. चेक-इन बॅगेचे पैसे आधीच ऑनलाइन भरा, विमानतळावर बहुतेक वेळा जास्त पडतात. त्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवा, एक कपड्यांचा जोड केबिनमध्ये असू द्या, आणि बॅग आलीच नाही तर बाहेर पडायच्या आधी तिथल्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्या, हॉटेलवर जाऊन फोन करू असं म्हणू नका.